वाटीभर पाण्यासाठी रुसलेला जावई

बऱ्हाणपूरला शनवारा दरवाजाजवळ जीवनचं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे सगळे त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. जीवन डॉक्टर नाही. तो नंबर काढतो, काचा बसवतो, ढिले स्क्रू आवळतो. 'मी डॉक्टर नाही हो,' असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोही. फक्त इतक्या हळू सांगतो, की ते ऐकायला माणसाला आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं लागेल. त्याचा स्वतःचा नंबर उणे पाच. चष्मा काढला की त्याला जग म्हणजे धुक्यात वाळत घातलेले कपडे दिसतात. पण लोक म्हणतात, डोळ्यांचं दुःख यालाच कळणार, आणि त्यामुळे धंदा बरा चालतो.

तर अशा या जीवनला मुलगी झाली.

मुलगी झाल्यापासून जीवनचा 'आ' मिटलेला नव्हता. दवाखान्यात नर्सनं ते दुपट्यातलं गाठोडं हातात दिलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसली ती नखं. इतकी लहान नखं आणि तरी प्रत्येकाला खाली चंद्रकोर! त्याच्या दुकानातला सगळ्यात बारीक स्क्रूही त्यापुढे खिळा वाटला असता. "हे कोणी केलं असेल?" असं तो नर्सला विचारून बसला. नर्स म्हणाली, "तुम्हीच ना?" आणि निघून गेली.

पण एक गोष्ट त्याला अजून दिसली नव्हती. डोळे. दवाखान्यात ती झोपलेलीच असायची. मग डोळ्यांना चिकटा येऊ लागला, पापण्या एकमेकींना चिकटून बसू लागल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "तान्ह्या बाळाची अश्रूंची नळी कधीकधी अरुंद असते, हळूहळू मोकळी होते. तोवर पाणी उकळून, झाकून थंड करायचं. हात साबणानं धुवायचे. कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. बाकी डोळ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. डोळा लाल झाला, पापणी सुजली, पू वाढला, तर वाट न बघता घेऊन या." जीवननं हे शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं पाठ केलं. मग बायको वैशाली आणि मुलगी माहेरी, इच्छापूरला गेल्या आणि प्रतिज्ञा जीवनजवळच राहिली.

एका सकाळी वैशालीचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"अहो, आई बाळाचे डोळे पदरानं पुसते."

"कोणत्या पदरानं?"

"पदर किती असतात माणसाला? ज्यानं ती तवा उतरवते, त्याच. मी पाणी उकळून मागितलं, तर त्यात ओवा टाकून मलाच पाजलं. बाळंतिणीच्या घरात उकळलेल्या पाण्यात ओवा पडतोच, म्हणे. मी काही बोलले, की म्हणते, तू काल आई झाली, मी कधीची आहे."

"आणि डोळे? लाल आहेत का?"

"लाल नाहीत. पण आज सकाळपासून एकही उघडला नाही."

जीवननं दुकानाचं शटर खाली ओढलं. बाळाचे डोळे आपण स्वतः पुसायचे, असं त्यानं ठरवलं. केवढी साधी गोष्ट, असं त्याला वाटलं. (सासुरवाडीत जावयानं स्वतःच्या हातानं काही करणं ही साधी गोष्ट असते असं ज्याला वाटतं, त्याचं लग्न नवीन आहे असं समजावं.) वाटेत त्यानं औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी घेतली आणि इच्छापूरची बस पकडली.

सासरे गिरधरभाऊ केळी आणि कपाशीवाले. जावई येताना दिसला तशी त्यांनी अंगणातूनच आरोळी दिली, आणि घरात धावपळ सुरू झाली. सासूबाई मालूबाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. त्या जुन्या वळणाच्या. जावयाशी थेट बोलत नाहीत. जावई समोर बसला असला, तरी निरोप नवऱ्यामार्फत जातो, नवरा नसला तर भिंतीमार्फत.

"पाव्हण्याले इचारा, चाय घेतील का सरबत," मालूबाई भिंतीला म्हणाल्या.

"काही नको. मला फक्त थोडं पाणी उकळायचंय," जीवन म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला.

घर जागच्या जागी थिजलं. जावई चुलीशी! शेजारच्या ओट्यावरून कोणी पाहिलं असतं, तर गावभर झालं असतं की गिरधरच्या घरी पाव्हण्यालाच स्वयंपाक करावा लागतो. जीवननं गॅसवर पातेलं ठेवलं. पाण्याला उकळी फुटली न फुटली तोच मागून एक बांगड्यांचा हात आला आणि त्यानं पातेल्यात साखर टाकली. पाठोपाठ चहापत्ती पडली, मग आलं.

"अहो, हे बाळाच्या डोळ्यांसाठी..."

"पाव्हण्याले म्हणा, चायची एवढी तलफ होती तं सांगायचं नं. सोता कायले उठले?" मालूबाई फडताळाला म्हणाल्या.

जीवन चहा प्यायला. चांगला होता. मग त्यानं लक्ष चुकवून दुसरं पातेलं उकळलं, झाकण ठेवून ओट्यावर निवत ठेवलं आणि बाळाच्या खोलीत डोकावला. परत आला तेव्हा पातेलं गायब. गिरधरभाऊ खांद्यावर टॉवेल घेऊन उभे.

"चला पाव्हणे, पाणी काढलं तुमचं. थोडंच तापेल होतं, बादलीत मिळवून दिलं."

"भाऊ, मी सकाळी आंघोळ करून आलोय."

"तं काय झालं? परवासाची धूळ बसते नं माणसावर."

जावयाला 'नाही' म्हणता येत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. तोंडानं 'नाही' न म्हणताही, नुसत्या पाहुणचारानं जावयाला गारद करतात. जीवननं दुसरी आंघोळ केली आणि बाहेर येऊन केस पुसत खिशातली कापसाची गुंडाळी काढली. ही त्या दिवसातली त्याची सगळ्यात मोठी चूक.

गिरधरभाऊंनी ती निळ्या कागदातली गुंडाळी पाहिली. त्यांचा चेहरा पडला. जावयानं आपल्या घरचं वरण खाल्लं नसतं, तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

"पाव्हणे, कापूस इकत आणला?"

"म्हणजे, हा जरा..."

"मागच्या खोलीत छतापोत कापूस भरेल हाय. आन् माह्या नातीसाठी दुकानातून कापूस?"

ते गेले आणि दोन्ही कवेत कापूस घेऊन आले. पांढराशुभ्र, सरकीसकट, मध्ये मध्ये वाळक्या पाकळ्या अडकलेल्या. त्यांनी तो जीवनच्या कवेत दिला. हा कापूस औषधाचा नाही, हा धुतलेला नाही, यात सरकी आहे, असं सांगायला तोंड उघडावं, तर समोर म्हातारा असा उभा, जणू मुलगीच दिली आहे. (ती आधीच दिली होती.) शेवटी जीवन म्हणाला, "भाऊ, इतका चांगला कापूस पुसायला कशाला वाया घालवायचा? देवासाठी याच्या वाती करू." गिरधरभाऊ खूष झाले. मालूबाई लगेच वाती वळायला बसल्या.

जीवनला वाटलं, सुटलो. पण त्या वाती कशासाठी वळल्या जात आहेत हे त्याला कळलं, तेव्हा दारात त्याची थोरली बहीण उभी होती.

प्रतिभाताई जैनाबादला दिलेली. हातात पितळेची काजळाची डबी, अंगावर ठेवणीतली साडी. बाळाच्या डोळ्यात पहिलं काजळ घालायचा मान आत्याचा, आणि मालूबाईंनी तिला आजच बोलावून घेतलं होतं. ताज्या वातीवर एरंडाच्या तेलाचं काजळ धरायचं, तुपात खलायचं आणि बोटानं डोळ्यात भरायचं. डोळे कसे मोठे होतात, चिकटा कसा पळतो, हे दोघींना तोंडपाठ होतं.

"ताई, डोळ्यात काही घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय," जीवन म्हणाला.

"जीवन्या, तुला मीच काजळ घालायची लहानपणी."

"आणि माझा नंबर उणे पाच आहे."

"तो काजळानं नाही, तू अंधाऱ्या बोळीत बसून वाचायचास त्यानं." प्रतिभाताईनं पदर खोचला. "माझी पहिली भाची आणि तिच्या आत्याला काजळाचा मान नाही? सासरी काय तोंड दाखवू?"

"पाव्हण्याले सांगा," मालूबाई भिंतीला म्हणाल्या, "काजळ नाही तं आईचं दूध घालू डोळ्यात. ते तं चालते नं?"

"ते पण नाही."

"मंग पदर तं..."

"पदर तर मुळीच नाही!"

हे जरा जोरात गेलं. मालूबाईंचा पदर हनुवटीपर्यंत आला. गिरधरभाऊ खाकरले. आतून बाळ रडलं आणि सगळ्यांना कळलं की ते डोळे मिटूनच रडतंय. जीवन खोलीत धावला.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं फार घुटमळू नये, पण तो घुटमळला. मुलगी वैशालीच्या कुशीत पडली होती. पापण्यांच्या कडेला पिवळी खपली. ती भुवया वर ओढत होती, कपाळाला आठ्या घालत होती, आतून दार ढकलत होती, आणि दार उघडत नव्हतं. हजारो लोकांना त्याच्यामुळे दिसतं, आणि स्वतःच्या मुलीला अजून दिवा दाखवता आला नव्हता. "मी काहीच करू शकत नाही," तो म्हणाला. "पाणी उकळलं की त्याचा चहा होतो."

वैशालीनं त्याच्याकडे बघितलं. ती या घरातली होती, तिला इथले कायदे माहीत होते.

"अहो," ती म्हणाली, "रुसा ना."

"काय?"

"रुसा. जावयाला काम करू देत नाहीत, पण रुसू देतात. काकांचे जावई घड्याळासाठी रुसले होते, संध्याकाळपर्यंत घड्याळ आलं. तुम्ही एकदाही रुसला नाहीत म्हणून कोणी ऐकत नाही तुमचं."

जीवनला रुसता येत नव्हतं. त्याच्या घराण्यात कोणी रुसलं नव्हतं, सगळे थेट भांडायचे. पण बाहेर पान वाढलं जात होतं, आणि वेळ तीच होती.

मालूबाईंनी जावयासाठी मांडे केले होते. उलट्या खापरावर टाकलेले, रुमालासारखे पातळ, बाजूला आमरस. (रुसायचं असलेल्या माणसासमोर मांडे ठेवणं हा शुद्ध अन्याय आहे.) जीवन पाटावर बसला. त्यानं मांड्याकडे पाहिलं. डोळे मिटले आणि ताट एका बोटानं थोडंसं पुढे सरकवलं.

कोणाच्या लक्षातच आलं नाही. गिरधरभाऊंनी ताट परत जवळ सरकवून दिलं. "जागा कमी पडते का, पाव्हणे?"

जीवननं पुन्हा सरकवलं. "मी जेवणार नाही."

"पोट बरं नाही?"

"पोट उत्तम आहे." मग खोलीतून वैशालीच्या खोकल्याचा आवाज आला आणि जीवनला धीर आला. "मी रुसलोय."

घरात जे झालं, ते पाहायला हवं होतं. मालूबाईंच्या हातातून उलथणं पडलं. गिरधरभाऊ मांडी मोडून उकिडवे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. आपलाही जावई रुसला. आता आपलं घर चारचौघांसारखं झालं.

"इचारा, काय पाह्यजे," मालूबाई घाईघाईनं कुजबुजल्या. "गाडी तं नाही नं मागत?"

"पाव्हणे, मोकळ्या मनानं सांगा. जमेल ते करू. घड्याळ? आंगठी?"

"मला," जीवन म्हणाला, "मला वाटीभर पाणी पाहिजे. उकळलेलं, झाकलेलं, थंड झालेलं. त्यात ओवा नको, साखर नको, चहा नको. त्यानं मी अंघोळ करणार नाही. आणि माझ्या मुलीचे डोळे मी पुसणार. माझ्या हातानं."

गिरधरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. जावयांच्या मागण्यांच्या इतिहासात अशी मागणी त्यांनी ऐकली नव्हती.

"फक्त पाणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"फक्त पाणी."

मग ते पाणी उकळलं गेलं. पातेलं आधी घासून घेतलं गेलं, झाकण ठेवलं गेलं, आणि ते निवेपर्यंत गिरधरभाऊ स्वतः काठी घेऊन ओट्यापाशी बसले. मांजर आलं, त्याला हाकललं. शेजारीण ताक मागायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. मालूबाई त्या पातेल्याकडे देवाच्या तांब्याकडे बघावं तशा बघत होत्या.

जीवननं कोपरापर्यंत हात धुतले. खोलीत सगळे जमले. वैशालीनं बाळाला मांडीवर घेतलं. जीवन वाकला, तसा चष्मा नाकावरून घसरू लागला. हात तर धुतलेले, चष्म्याला लावायचे कसे? त्यानं मान झटकली आणि वैशालीनं तो अलगद काढून घेतला. जग धुक्यात गेलं. सासू, सासरे, बहीण, सगळे रंगाचे डाग झाले. पण अगदी वीतभर अंतरावर, जिथे उणे पाचवाल्याला सगळं आरशासारखं स्वच्छ दिसतं, तिथे त्याच्या मुलीचं तोंड होतं.

त्यानं बोळा भिजवला, पिळला. नाकाकडून कानाकडे, एकदाच. खपली थोडी मऊ झाली. तो बोळा टाकला, दुसरा घेतला. काचेवर रेघसुद्धा न उमटवणारे हात, आणि ते पापणीला घाबरत होते. त्याला एकेक केस वेगळा दिसला. इतक्या पापण्या! एवढ्याशा जीवाला कोणीतरी एकेक केस लावून दिला होता आणि पुढे वळवूनही दिला होता. बोळा तसाच जीवनच्या हातात राहिला.

"पाव्हणे, थांबू नका," मागून आवाज आला. "होऊन राहिलं. हळू. आता तो दुसरा डोळा."

तो आवाज मालूबाईंचा होता. भिंतीला नाही, गिरधरभाऊंना नाही, सरळ जावयाला. पदर खांद्यावर पडला होता आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

जीवननं नवा बोळा घेतला. नाकाकडून कानाकडे.

मुलीनं भुवया वर ओढल्या. एक पापणी सुटली. मग दुसरी. आणि तिनं बघितलं.

डोळे काळे होते, पण काळे म्हणावे तर त्यात निळसर काहीतरी होतं, ओल्या जांभळासारखं. पांढरं अगदी स्वच्छ, लाली कुठे नाही. त्यात एक छोटी खिडकी दिसत होती, आणि खिडकीसमोर एक छोटा माणूस. तान्ह्या बाळाला वीतभरच दिसतं, हे जीवनला धंद्यामुळे ठाऊक होतं. त्यालाही वीतभरच दिसत होतं. म्हणजे त्या क्षणी जगात जेवढं तिला दिसत होतं, तेवढंच त्याला दिसत होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं. त्याला फार मोठी भीती वाटली, देवळात गाभाऱ्यात एकटं सापडल्यावर वाटते तशी. आयुष्यभर त्यानं लोकांच्या डोळ्यांत बघितलं होतं, कोणाच्याही डोळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तो रडला. कोणाची पर्वा न करता रडला, आणि मुलगी आपली शांतपणे त्याचं निरीक्षण करत राहिली.

"कोणावर गेले डोळे?" गिरधरभाऊंनी मागून घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोणावरच नाही," जीवन म्हणाला. "तिचेच आहेत."

प्रतिभाताईनं नाक पुसलं. डबी हातातच होती. "बरं बाबा, डोळ्यात नाही घालत," ती म्हणाली. "पण दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तरी लावू दे. मान तो मान." याला डॉक्टरीणबाईंची हरकत असायचं कारण नव्हतं. ताईनं इवल्याशा तळपायांना बोटभर काजळ चोपडलं. ताज्या तुपातलं, चांगलं दाट. जीवन वाकलेलाच होता. मुलीनं दोन्ही पाय झाडले आणि एक त्याच्या कपाळावर मऊसा टेकला. त्यानं डोळे मिटले. आशीर्वाद म्हणतात तो हाच असणार, अशी त्याची खात्री झाली.

मग त्यानं मांडे खाल्ले, पोटभर. रोज पाणी असंच उकळायचं हे मालूबाईंनी कबूल केलं. दुखलं-खुपलं तर गिरधरभाऊ लगेच बाळाला दवाखान्यात आणतील हेही ठरलं. निरोप देताना सगळे त्याच्याकडे जरा विचित्र मायेनं बघत होते. गिरधरभाऊ सारखे छताकडे बघत होते. मालूबाईंनी पदर पुन्हा ओढला होता, पण या वेळी तोंडावर. बसमध्ये एका म्हातारीनं उठून त्याला जागा दिली आणि हात जोडले. बाप झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात, ते लोकांना दिसत असणार, असं जीवनला वाटलं.

संध्याकाळी दुकान उघडलं, तेव्हा कौतिकबाबा वाट बघत होते. देडतलाईहून नंबर काढायला आलेले. जीवननं त्यांना खुर्चीवर बसवलं, तक्त्यावर दिवा लावला.

"सांगा बाबा, खालची ओळ दिसते?"

"नाही दिसत."

"वरची?"

"धुकट हाय." कौतिकबाबा तक्ता सोडून जीवनकडे टक लावून बघत होते. "पण डॉक्टरसाहेब, तुमच्या कपाळावर बाळाचं पाऊल उमटेल हाय, ते मले बराबर दिसून राहिलं. पाची बोटं. तुमाले नाही दिसलं?"

जीवननं मान वर केली. चष्म्याच्या दुकानात आरसे सोडून दुसरं असतं काय? चारी भिंतींवरून, काउंटरवरून, फिरत्या स्टँडवरून कपाळावर काळं पाऊल घेतलेले आठ-दहा जीवन त्याच्याकडे बघत होते. त्यानं हात कपाळाकडे नेला. मग तसाच खाली घेतला. पुसवेना.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

कौतिकबाबा खुर्चीवरून उठले आणि जीवनच्या खांद्यावर हात ठेवला. "चष्मा तुमच्याकडूनच घेईन, डॉक्टरसाहेब. लेकरू झालं, पेढे बी खाईन," ते म्हणाले. "नंबर तेवढा दुसरीकडून काढून आणतो."